दुष्काळ रद्द करणारे राज्य

आपत्ती व्यवस्थापनाचे अभ्यासक पूर्वतयारी, मदतकार्य आणि पुनर्वसन असे तीन टप्पे मानतात. परंतु महाराष्ट्राच्या प्रशासनाने या शास्त्रात घातलेली मोलाची भर, म्हणजे या तिन्हींच्या आधी येणारा नामकरणाचा टप्पा, त्यांच्या नजरेतून निसटलेला दिसतो. आपत्तीला नाव मिळाले की तिच्यामागोमाग सवलती, अनुदाने आणि कर्जवसुलीची स्थगिती अशी मोठी वरात दारात येते. म्हणून बारशाचा मुहूर्त होता होईल तो लांबवणे आणि अगदीच टळेना तेव्हा एखादे सौम्य नाव ठेवणे, हे या टप्प्याचे सूत्र होय.

या परंपरेतील सर्वांत धाडसी पाऊल 1963 साली पडले. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्यासाठी विधिमंडळाने त्या वर्षी चक्क स्वतंत्र अधिनियम केला आणि त्याच्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द बसवला. टंचाईची चाहूल लागताच शासन धावून जात असल्याने दुष्काळ पडण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. पावसाने हा अधिनियम वाचला नसावा. 1972 साली त्याने दडी मारली, 1973 च्या उन्हाळ्यात रस्त्यांच्या व पाझर तलावांच्या कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडू आणि माती वाहू लागली, घरोघरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापल्या गेल्या; आणि टंचाई निवारण असा सुसंस्कृत शब्द हाताशी असूनही अडाणी जनता त्या कामांना आजतागायत ‘दुष्काळी कामे’च म्हणते.

शब्दाची जागा पुढे अंकाने घेतली. पैसेवारी म्हणजे गावात आलेल्या पिकाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून, रुपयातले किती पैसे पीक हाती लागले हे सांगणारा आकडा. त्यासाठी निवडलेल्या शेतात दोरी ताणून दहा मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखतात, त्यातली कणसे कापून मळतात, दाणे तोलतात आणि मंडळ अधिकारी, सरपंच, ग्रामसेवक यांच्या समितीपुढे ते वजन ठेवतात. आकडा 50 पैशांच्या आत आला तर गाव संकटात, 51 वर गेला तर गाव सुखी. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम अशी ही वाटचाल असल्याने बीडकडचे कुटुंब संकटात होते किंवा नव्हते, याचा निर्णय ते ऊसतोडीला निघून गेल्यावर यथावकाश लागतो.

तरीही ज्याला दुष्काळ म्हणणे जड जाते आणि न म्हणणे अशक्य होते, अशा अवस्थेसाठी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ ही संज्ञा घडवली गेली. न्यायदर्शनात गाईसारखा दिसणारा गवय हे उपमानाचे, म्हणजे सादृश्यावरून होणाऱ्या ज्ञानाचे, प्रसिद्ध उदाहरण आहे. मात्र तेथे गाय आणि गवय हे दोन निराळे प्राणी असतात. 2016 च्या मे महिन्यात दुष्काळाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात असताना ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शासनाला मान्य करावे लागले आणि 29 हजारांहून अधिक गावांवर शुद्धिपत्रकाने दुष्काळ कोसळला. सदृशाचे आयुष्य मात्र चिवट असते. 2023 साली 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि वर 1021 महसूल मंडळांत पुन्हा त्याचे सादृश्य आढळले.

साथरोगाच्या काळात केंद्रही या विद्येत मागे नव्हते. 14 मार्च 2020 रोजी गृह मंत्रालयाने कोविडला मदतनिधीपुरती ‘अधिसूचित आपत्ती’ मानले. पहिल्या पत्रात मृतांच्या कुटुंबीयांना 4 लाख रुपये होते, त्याच दिवशीच्या सुधारित पत्रात ते नव्हते. अशा रकमेस सानुग्रह साहाय्य म्हणतात, म्हणजे ती हक्काची नसून कृपेची असते. पण त्या कृपेची शिफारस करणे हे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये सांगितल्यावर ती 50 हजारांत पार पडली. त्या निकालाच्या पुढच्याच महिन्यात राज्यसभेला कळले की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. त्याआधी एप्रिलमध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकी गळून प्राणवायूचा दाब घसरला आणि किमान 22 रुग्ण दगावले, हे खरे. तथापि ती गळती होती, तुटवडा नव्हे, आणि मृत्यूला हा भेद कळत नसला तरी अहवालाला कळतो.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात शेतांतली मातीसुद्धा वाहून गेली, तेव्हा ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी झाली. अशी संज्ञा नियमावलीत नाही, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले आणि दुष्काळातल्या सवलती मात्र लागू केल्या. देणे दिले, नाव दिले नाही. मदत हवी असल्यास शेतकऱ्यांनी यापुढे पीक बुडू देण्यापूर्वी नुकसान 33 टक्के भरेल आणि मंडळातल्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटर पाणी साचेल, याची दक्षता घ्यावी. 64 मिलिमीटरला अतिवृष्टी म्हणत नाहीत. तक्रार असल्यास तलाठ्याकडे जाऊ नये. 2024 पासून त्यांचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे आहे.