झाकणाखालची कलाकुसर

जर्मन टायगर रणगाड्याच्या पोटात ८८ मिलिमीटर तोफेचे ९२ गोळे मावत. १:३५च्या मॉडेलात प्रत्येकाची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, आणि आमचे मॉडेलवीर ते एकूणएक रंगवतात. मग भिंतींना वर हस्तिदंती, खाली तांबूस प्रायमर. गिअरबॉक्सवर रेडिओ, रेडिओला वायरी. आणि शेवटी काय? छत पक्कं चिकटवायचं! आता आत गोळे आहेत की शेंगदाणे, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

बरं, हे १:३५ प्रमाण काही इतिहासतज्ज्ञांनी ठरवलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ साली पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत मोटर आणि सेल मावावेत म्हणून तो तेवढा बेतला. ज्या अंतर्भागाच्या अचूकतेवरून आज हमरीतुमरी होते, तिथे मुळात बॅटरी होती.

खऱ्या रणगाड्यात मात्र अशी चैन नव्हती. १९४१च्या सोव्हिएत टी-३४च्या बुरुजात दोनच माणसं. कमांडरनंच नेम धरायचा, तोफ डागायची, वर लढाईवरही लक्ष ठेवायचं. रंगाची छटा न्याहाळायला त्याला सवड नव्हती. ती आम्हाला आहे. ट्युनिशियात १९४३ साली ब्रिटिशांनी पकडलेला टायगर बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच्या फोटोंवर भिंग धरून आम्ही एकेक स्क्रू मोजतो. खऱ्या टायगरमध्ये पाच जण कोंबलेले असत. मॉडेलात त्यांना सहसा जागा मिळत नाही. बसवले, तर मागचे तपशील झाकले जातात ना!