हरकती, सूचना आणि सुका कचरा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या आणि शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात अधूनमधून एक जाहीर सूचना येते. कचऱ्याच्या अमुक आराखड्याबाबत नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत, लेखी, कार्यालयीन वेळेत सादर कराव्यात. ती वाचायला भिंग लागतं आणि भिंग सापडेपर्यंत महिना उलटतो. मग तो अंक रद्दीच्या गठ्ठ्यात जातो आणि रद्दीवाला तो किलोच्या भावानं घेऊन जातो. कचऱ्याच्या नियोजनावर लोकांचं मत मागवणारा कागद असा स्वतःच सुका कचरा होतो, तोही वेगळा काढलेला, वजन केलेला, वर त्याचे पैसे मिळालेला. शहरातल्या घनकचरा व्यवस्थापनाची इतकी बिनबोभाट चालणारी साखळी दुसरी दाखवता येणार नाही, आणि गंमत म्हणजे तिच्यात महापालिकेचा हात फक्त जाहिरातीपुरता आहे.

‘लोकसहभाग’ या शब्दावर आपल्या नगरपालिका-महापालिकांचा जीव आहे. आराखडा कुठलाही असो, प्रस्तावनेत तो असतोच. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसा. मात्र या सहभागाचा अर्थ ठरलेला आहे. नागरिकानं दोन बादल्या विकत घ्यायच्या, एक हिरवी आणि एक निळी. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं (घंटा कधीच गेली, गाणं आलं, नाव तेवढं राहिलं) की जिने उतरून खाली यायचं. गाडीच्या मागच्या बाजूला मधोमध एक पत्रा ठोकलेला असतो, अलीकडे ओला, पलीकडे सुका. त्या पत्र्याची उंची बघण्यासारखी असते. पहिल्या दोन गल्ल्यांपर्यंत तो वेगळेपण राखतो. तिसऱ्या गल्लीत ढीग त्याच्या डोक्यावरून जातो आणि आदल्या रात्रीची आमटी दुधाच्या पिशव्यांना जाऊन मिळते. उरलंसुरलं वेगळेपण मोठ्या गाडीत दाबताना संपतं. वरच्या मजल्यावरून हे रोज पाहणाऱ्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात एकच बादली पुरते. मग वॉर्ड ऑफिसातून पत्रक निघतं: नागरिकांचा सहभाग अपुरा.

म्हणजे सहभाग मागितला तो हातांचा. डोक्याचा कुणी मागितला नाही. कचऱ्याच्या नियोजनातले खरे प्रश्न चारच आहेत: तो कोण उचलणार, त्याचे पैसे कोण देणार, तो कुठे जिरणार आणि जिथे जिरणार तिथल्या माणसाला काय मिळणार. या चारांपैकी एकही प्रश्न बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारला जात नाही. तिला विचारतात ते एवढंच की, ताई, सॅनिटरी पॅड वेगळं बांधलंय ना?

कायद्याकडे पाहिलं तर मात्र आपण लोकशाहीत आकंठ बुडालेलो आहोत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तिनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा शहरांच्या स्थानिक संस्थांचा विषय म्हणून लिहिलेला आहे. तीन लाखांहून मोठ्या शहरात प्रभाग समित्या हव्यात, असंही तीच सांगते. आपल्या राज्याच्या कायद्यानं तर या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांमधले तीन जण घ्यायची सोय केली. या तीन खुर्च्यांवर बसणाऱ्यांची समाजसेवा बहुतेकदा पक्षाच्या कार्यालयापासून सुरू होऊन तिथेच संपते, पण खुर्च्या आहेत हे नाकारता येत नाही. पुढे २००९ मध्ये क्षेत्रसभा आल्या. ग्रामसभेसारखी शहराची सभा, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाचं ठरवायचं. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा तर असा कायदा करा, अशी अट होती. आपण कायदा केला. सभा भरवा अशी अट नव्हती, म्हणून सभा भरवल्या नाहीत. आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. आयुक्तांनी प्रशासक म्हणून प्रस्ताव मांडायचा, आयुक्तांनीच त्याला मंजुरी द्यायची. इतकं एकमत महाराष्ट्राच्या कुठल्याही सभागृहानं पूर्वी पाहिलं नसेल.

आता न विचारलेल्या माणसाला मत नसतं, असं मात्र नाही. ते तो दुसऱ्या मार्गानं देतो. महाराष्ट्रात कचरा नियोजनातला लोकसहभागाचा एकच प्रकार आजवर खऱ्या अर्थानं परिणामकारक ठरलाय आणि तो म्हणजे रस्त्यात आडवं होऊन गाडी अडवणं. तेव्हाचं औरंगाबाद आठवा. शहरानं तीस-पस्तीस वर्षं नारेगावला कचरा टाकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी भागातल्या गावकऱ्यांनी गाड्या थांबवल्या आणि सांगितलं, बास. दहा-बारा लाखांचं शहर. ठेकेदार होते, अधिकारी होते, प्रकल्प अहवाल तर होतेच. नव्हती ती पर्यायी जागा, कारण ती शोधायची तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं. मग गाड्या रात्री-अपरात्री जागा धुंडाळत फिरू लागल्या. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या पोचल्या तेव्हा दगडफेक झाली, लाठीमार झाला, वाहनं पेटली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. वर्षानुवर्षं कुठल्याही हरकती-सूचनेनं जे साधलं नाही ते महिन्याभरात झालं: कचरा वेगळा करा, आपापल्या भागात जिरवा, अशी धावपळ सुरू झाली आणि एका नारेगावाऐवजी चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा चार ठिकाणी प्रक्रियेची भाषा बोलली जाऊ लागली. सल्लामसलतीचा हा मार्ग महाग पडतो, एवढीच माझी तक्रार आहे. चहा-बिस्किटांत झालं असतं ते अश्रुधुरात करावं लागलं. मुंबईतल्या देवनार डेपोचं एक वेळ समजू शकतो. तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली, साहेबाच्या राज्यात, आणि साहेब चेंबूर-गोवंडीच्या माणसाला विचारायला बांधील नव्हता. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटून मुंबईवर धूर पसरला तेव्हा साहेब जाऊन सत्तरीकडे वर्षं झुकली होती. विचारायची पद्धत तेवढी त्याचीच चालू होती.

यावर प्रशासनाचं ठेवणीतलं उत्तर असं की, विचारलं तर हो कोण म्हणणार? आपल्या दारात कचरा कुणालाच नको असतो. खरं आहे. पण हा आक्षेप नीट ऐकला तर त्याचा अर्थ असा निघतो की, नकार येणार म्हणून विचारू नये; आणि न विचारल्यावर जो नकार येतो त्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणावं. शिवाय लोक हो म्हणत नाहीत हेही पूर्ण खरं नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांनी मुंबई महापालिकेशी चक्क सौदा केला. आम्ही कचरा वेगळा करतो, गल्ली स्वच्छ ठेवतो. तुम्ही आमच्या तक्रारी वेळेवर सोडवा. त्यातून परिसर व्यवस्थापनाची ‘एएलएम’ योजना निघाली आणि मुंबईभर अशा शेकडो गल्ल्या उभ्या राहिल्या. सौदा म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. पण दोन्ही बाजूंनी काही द्यायचं असतं तेव्हाच बोलणी होतात. एकाच बाजूनं द्यायचं असेल तर त्याला फर्मान म्हणतात. पुढे यातल्या कितीतरी गल्ल्या थंडावल्या, कारण देणं एकाच बाजूचं उरलं. २०१७ मध्ये महापालिका मोठ्या सोसायट्यांकडे गेली ती थेट नोटीस घेऊनच: २ ऑक्टोबरपासून तुमचा ओला कचरा तुम्हीच जिरवा, आम्ही उचलणार नाही. गांधीजयंतीचा मुहूर्त तेवढा अचूक साधला होता.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. आपले लोकच बेशिस्त, स्कूटरवरून जाता जाता पुलावरून पिशवी भिरकावणारे. यांच्याशी काय सल्लामसलत करायची? पिशवी भिरकावणाऱ्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण त्याला शिस्त शिकवणारी व्यवस्था कशी आहे, तेही बघा. पुण्यात गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात पाच-दहा टक्के सवलत मिळते. योजना चांगली. इमारत बांधताना बिल्डर कोपऱ्यात विटांचा खड्डा करतो, फोटो निघतो, दाखला मिळतो. पुढे त्या खड्ड्यात गांडूळ सोडून सगळं सापडतं: मोडकी सायकल, फुटकी कुंडी, नवरात्राच्या मांडवाचे बांबू. सवलत चालूच राहते. इथे बेशिस्त कोण, सोसायटी की तपासायला न येणारा? आणि ज्यांना त्या खड्ड्याचा वास सोसायचाय, पाळ्या लावायच्यात, खताचं काय करायचं ते ठरवायचंय, ते रहिवासी खड्डा काढताना तिथे नव्हतेच. फ्लॅट अजून विकायचे होते.

तिसरा आक्षेप सगळ्यात भारदस्त: हा तांत्रिक विषय आहे, तज्ज्ञांवर सोडावा. जरूर सोडावा, फक्त तज्ज्ञ कोण ते आधी ठरवू. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक, बहुतेक बायका, दारोदार कचरा गोळा करतात. महापालिका त्यांना पगार देत नाही. घरटी ठरलेलं मासिक शुल्क आणि विकलेलं भंगार ही त्यांची कमाई. यातली बाई बादली उलटी करते तेव्हा दोन सेकंदांत सांगते: हे प्लास्टिक कडक, याला भाव आहे, ही वेफर्सची चकचकीत पिशवी, हिला कुणी विचारत नाही, हा पुठ्ठा भिजला, गेला कामातून. कुठल्या सोसायटीत मद्य जास्त खपतं आणि कुठल्या सोसायटीत भात जास्त उरतो, हे तिच्याइतकं कुठल्याच सर्वेक्षणाला माहीत नसतं. वापरलेले पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात म्हणून कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची युक्ती आली ती याच गोटातून. खर्च काय, तर जुना पेपर आणि लाल पेन. (ती जाहीर सूचना छापलेलं पान इथेही उपयोगी पडतं.) या तज्ज्ञांचा सल्ला शहरानं कसा घेतला? २०२० च्या अखेरीस करार संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतवाढी देत त्यांना टांगणीवर ठेवून. सल्लागार कंपनीला असं लोंबकळत ठेवल्याचं कधी ऐकिवात नाही.

मग उरतो वेंगुर्ल्याचा मुद्दा, आणि तो आक्षेप घेणारेच आधी काढतात: ते जमतं छोट्या गावात, साडेबारा हजार वस्तीत. वेंगुर्ला नगर परिषदेनं रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना दारातच कचरा वेगळा घेतला, पुढे त्याचे वीस-पंचवीस प्रकार केले आणि नाक धरून जायच्या डेपोचं असं पर्यटनस्थळ केलं की लोक तिकडे डबे घेऊन जाऊ लागले. छोट्या गावाचा आक्षेप मला बिनतोड वाटत नाही, कारण पुण्यातली एखादी पेठ किंवा मुंबईतली एखादी वसाहत वेंगुर्ल्याएवढीच असते. तिला वेंगुर्ल्यासारखं स्वतःचं ठरवू द्यायचं नाही, ही सोय मोठ्या शहरानं केलेली आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. अशा यशोगाथांमध्ये अधिकाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, प्रभाग समितीचं राहत नाही. अधिकाऱ्याची बदली होते. गावाची होत नाही. लोकांना विचारलं की ते शहाणंच काही सांगतील, असाही माझा भाबडा समज नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, आणि सुचवलेल्या कामांत पेव्हर ब्लॉक आणि बाकडी यांची गर्दी असते. पण वर्षानुवर्षं फक्त बाकडीच मिळत असतील तर माणूस बाकडीच मागणार. कचऱ्याचे चार प्रश्न त्या अर्जावर छापलेलेच नसतात.

पुण्याचा कचरा ज्या उरुळी देवाची-फुरसुंगीत कित्येक दशकं गेला, त्या गावांची तर यापुढची मजल आहे. विहिरींचं पाणी नासलं, टँकर आले, गाड्या कितीदा अडवल्या त्याचा हिशोब नाही. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेतच सामावून घेतली गेली, म्हणजे कचरा आणि कर दोन्ही एकाच पत्त्यावर. पाच वर्षांत दोन्ही नकोसे होऊन गावं बाहेर पडायला निघाली. २०२२ च्या शेवटी सरकारनं मान्यता दिली आणि पुढे फुरसुंगी-उरुळी देवाची अशी स्वतंत्र नगर परिषद जाहीर झाली. आता तिलाही बारावी अनुसूची लागू, तिलाही घरोघरचा कचरा उचलायचाय, तिलाही घनकचऱ्याचा आराखडा करायचाय. जन्मतःच इतका मोठा कचऱ्याचा डोंगर उशाशी असलेली दुसरी नगर परिषद शोधून सापडायची नाही. नव्या कचऱ्यासाठी जागा मात्र शोधावी लागेल, शेजारच्या कुठल्या तरी गावात. तेव्हा जाहीर सूचना निघेल, तीस दिवसांची.