दारी झुलणारा हत्ती

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि इतर राज्यांतल्या हौशी मंडळींचं नशीब फळफळलं. एके काळी अर्ध्या कोटीची जर्मन सेडान साध्या हॅचबॅकच्या भावात दारी झुलू लागली.

झुलते ती पहिल्या पावसाळ्यापर्यंत. मग एका सकाळी तिचं नाक जमिनीला टेकलेलं दिसतं. अशा अनेक गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. मर्सिडीजने १९९८च्या एस-क्लासमध्ये त्या आणल्या. रबराला बारीक चिरा पडल्या की रात्रभर हवा झिरपते आणि ती भरता भरता बिचारा कॉम्प्रेसर जळतो.

मालक मात्र शेजाऱ्यांना सांगतो, "पार्क केली की खाली बसते. तशी सोयच आहे हिला!"

आत आणखी गमती. बटणांवरचा मऊ लेप उतरत्या वयात चिक्कीच्या पाकासारखा बोटाला चिकटतो. सनरूफच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी गालिच्याखाली मुरतं, आणि कित्येक गाड्यांत नेमके तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बसवलेले असतात.

गॅरेजवाला बॉनेटला हात न लावता लॅपटॉप जोडतो, चहा मागवतो. "साहेब, किंमत गाडीची पडली, पार्टांची नाही," म्हणत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजाराचा रस्ता दाखवतो.

पंधरा वर्षं भरली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. तिथे मालक वेळेवर पोहोचतो. स्कूटरने.