ठाकूरद्वारहून नर्स कसं व्हावं : नवशिक्यांसाठी

अट पहिली : बारावी पास असावं. अट दुसरी : नर्सिंगचा विचार मनात आल्यावर तो निदान अर्ज भरेपर्यंत चाळीच्या गॅलरीत बोलू नये. पहिली अट इंडियन नर्सिंग कौन्सिलची आहे, दुसरी माझी. दोन्हींत अवघड कोणती, हे गिरगावकरांना सांगायला नको.

आधी कोर्स ठरवा. शेजाऱ्यांच्या लेखी सगळं एकच, ‘नर्सिंग करते.’ तुम्हाला मात्र फरक ठाऊक हवा. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएमला कोणतीही शाखा चालते, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे. मात्र खुल्या वर्गासाठी किमान चाळीस टक्के आणि इंग्रजी हवं. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. बारावीला बायोलॉजी सोडलं म्हणून कपाळाला हात लावू नका. जीएनएम करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. वळसा पडतो, पण मुक्कामाला पोचता येतं.

कुठल्या तरी जिन्याच्या तोंडाशी ‘सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी’ असा फलक दिसेल. वाचा, हसा आणि पुढे चला. कौन्सिलची मान्यता नसलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, पण त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नसेल तर तुम्ही नर्स नाही, गणवेश कितीही पांढरा असो.

आता कागदपत्रं. इथे शांतपणे बसा, पाणी प्या. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवासाचा दाखला, वैद्यकीय योग्यतेचा दाखला. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, त्याच्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. मध्ये एखादं वर्ष घरी बसला असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आपल्याकडच्या घरांत हे सगळं लोखंडी कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, लाइट बिलं आणि आजोबांच्या गिरणीतल्या पासबुकाच्या मधोमध असतं. त्यात एका कागदावर वडलांचं नाव ‘चंद्रकांत’ आणि दुसऱ्यावर ‘चंद्रकान्त’ निघतं. ही एक वेलांटी-काना-मात्रेची गोष्ट नाही, हा तीन हेलपाट्यांचा प्रश्न आहे. दाखल्यांसाठी जायचं ते मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टातल्या ओल्ड कस्टम हाउसमध्ये आहे, ठाकूरद्वारहून फार लांब नाही, म्हणून ‘जाऊ की उद्या’ असं वाटतं. जाऊ नका उद्या, आज जा. जवळ राहणारेच नेहमी शेवटच्या दिवशी पोचतात. आणि ऑनलाइन अर्जाची मुदत मध्यरात्री संपत असेल तर संध्याकाळी सातनंतर त्या सर्व्हरवर विश्वास ठेवू नका.

प्रवेशयादीत नाव लागलं की मग घरी सांगा. एवढा वेळ दडवलं म्हणून आई रुसेल, पण यादी हाती असली की वाद लवकर मिटतो. समोरून तीन मुद्दे येतील : रात्रपाळी, लग्न, आणि ‘डॉक्टरकीला नाही का नंबर लागला?’ यांतला एकही नवा नाही. पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झाल्यावर रमाबाई रानड्यांनी बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही घराघरांत जवळपास हीच भाषणं झाली. तेव्हा परक्याची शुश्रूषा करायची म्हणजे बाटलं, असा सूर होता. आता सूर ‘आपल्या मुलीला झेपायचं नाही’ असा आहे. गंमत म्हणजे हे बोलणाऱ्या काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा रात्री त्यांना कुशीवर वळवणारी कुणाची तरी मुलगीच होती, आणि ती रात्रपाळीलाच होती. काकांना हे शांतपणे, चहा देताना सांगावं.

तरीही बधले नाहीत तर कामा रुग्णालयाची गोष्ट सांगा. ठाकूरद्वारहून ते पायी जाण्यासारखं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तिथे अतिरेकी शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्युटीवर होत्या. वॉर्डात वीस गरोदर बायका. त्यांनी सगळ्यांना पँट्रीत हलवलं, दिवे मालवले, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेकडेने तिला लेबर रूमपर्यंत नेलं. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकिगत सांगितली. यावर काका बहुधा चहा पितील.

अभ्यासाबद्दल थोडक्यात : शरीररचना पाठ करावी लागते, मानसशास्त्र समजल्यासारखं वाटतं, फार्माकॉलॉजी रडवतं. बाकी सगळे पास होतात तसे तुम्हीही व्हाल.

खरं शिक्षण पलंगापासून सुरू होतं. पलंग घालायचेही प्रकार असतात : मोकळा, बंद, ऑपरेशनहून येणाऱ्यासाठी, हृदयरोग्यासाठी, हाड मोडलेल्यासाठी. सगळ्यांत कठीण म्हणजे ज्यावर माणूस झोपलेला आहे तो. रुग्णाला न उठवता चादर बदलायची. आधी त्याला काय करणार ते सांगायचं. मग एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर लांबीच्या दिशेने गुंडाळत त्याच्या पाठीशी न्यायची, मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर स्वच्छ चादर पसरून तिचा उरलेला भागही तिथेच गुंडाळून ठेवायचा, रुग्णाला त्या वळकटीवरून अलगद पलीकडे आणायचं आणि दुसऱ्या बाजूने मळकी ओढून स्वच्छ ताणायची. कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडलेले हवेत. सुरकुती राहता कामा नये, कारण महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला त्या एका सुरकुतीपासून जखम होते. सरावासाठी घरातली आजी उत्तम. मात्र चाळीच्या खोलीत पलंग तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे ‘दुसऱ्या बाजूने’ ही सूचना अमलात आणायला तुम्हाला आजीच्या अंगावरून जावं लागेल.

रक्तदाबयंत्र घेतलंत की ते कुणाला दाखवू नका. नियम असा की रुग्णाने पाच मिनिटं शांत बसावं, अर्धा तास आधी चहा घेऊ नये, हात हृदयाच्या पातळीला असावा आणि मोजताना बोलू नये. तुमच्याकडे येणारे शेजारी तीन जिने चढून, नुकता चहा घेऊन, नळाच्या भांडणाची हकिगत सांगत सांगत बाही वर करतील. आकडा वाढलेला निघाला की तुम्हाला अजून जमत नाही. बरोबर निघाला की यंत्र बिघडलंय.

हजेरीचं गणित आधीच मांडा. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के लागते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रात्यक्षिकाचे सगळे तास, म्हणजे शंभर टक्के, भरून द्यावे लागतात. गणपतीत घेतलेली प्रत्येक सुट्टी पुढे कुठल्या तरी वॉर्डात उभं राहून फेडावी लागते. अनंत चतुर्दशीला नाइट लागली तर दुपारीच निघा. संध्याकाळी सगळा जगन्नाथ शंकरशेट रस्ता चौपाटीकडे निघालेला असतो, आणि तुम्हाला त्या गर्दीतून उलट्या दिशेने जायचं असतं. गणवेश पिशवीत ठेवा, गुलाल धुऊन निघत नाही.

मुलग्यांनी हे वाचून पान उलटू नये. नर्सिंगला मुलगेही घेतात. वॉर्डात तुम्हाला ‘ब्रदर’ म्हणतील, आणि रुग्ण डॉक्टर समजून नमस्कार करतील. दर वेळी नम्रपणे दुरुस्ती करा. औषधाबद्दल विचारायला ते शेवटी तुमच्याकडेच येणार आहेत. तेव्हा पाच गोष्टी तोंडपाठ असू द्या : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. केसपेपर न बघता ‘तीच लाल गोळी’ देणारी माणसं घरात शोभतात, वॉर्डात नाहीत.

शपथ, हातात दिवा, फोटो हे बहुधा पहिल्याच वर्षी उरकतं. शेवटी कौन्सिलची नोंदणी, आणि जीएनएम-बी.एस्सी.वाल्यांच्या नावापुढे आरएन, आरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत प्रसविका.

एक विनंती चाळकऱ्यांना, कारण हे मार्गदर्शन तेही वाचणारच. नाइट करून आलेली मुलगी दुपारी बारा वाजता झोपलेली असते. दार वाजवू नका. रक्तदाब संध्याकाळीही मोजता येतो.