ईडलिंबाचा ई

पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता नीट पाहिला, तर त्यात एक अख्खं जुनं गाव नांदताना दिसतं. उ उखळाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा, ख खटाऱ्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला यातलं काहीच ओळखीचं नसतं. एडका त्याच्या लेखी शिंगं असलेला कुत्रा, आणि ऐरण म्हणजे काहीतरी मोडलेलं. ईडलिंबू तर त्याच्या आईबाबांनीही मंडईत कधी मागितलेलं नसतं. तरी पिढ्यान्पिढ्या ते तक्त्यावरून उतरलेलं नाही, कारण ई वरून दुसरं फळ सापडत नाही. (ईश्वर आहे, पण त्याचं चित्र कोणतं काढायचं यावरून भांडणं होतील.) ण आणि ळ यांना शब्दाच्या सुरुवातीला कुणी उभंच करत नाही, म्हणून एकाला बाणात आणि दुसऱ्याला बाळात जागा दिलेली. ङ आणि ञ यांच्या नशिबी चित्रच नाही. त्या दोन चौकोनांवरून बाईंची छडी जरा भरभर पुढे सरकते.

एवढं असूनही मुलं वाचायला शिकतात, याचं मला फार नवल वाटतं.

वर्णमाला लावली ती तोंडाच्या सोयीनं, कंठातून ओठांपर्यंत. हाताचं गणित निराळं. क पहिला खरा, पण काढायला किती अवघड! म्हणून गमभन. उभा दांडा तोच, डावीकडची गाठ जरा इकडे, जरा तिकडे. असं शिकवायचं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्यानं मुलांचे हात जवळून पाहिले असणार.

आपण मोठी माणसं मात्र छातीठोकपणे सांगतो, की मराठी सोपी, बोलतो तसं लिहायचं. मग पोर विचारतं, ‘चहा’तला च आणि ‘चाका’तला च एकच कसा? पहिली वेलांटी काढायची आधी आणि म्हणायची मागून, असं का? आणि र! अर्कात तो डोक्यावर चढतो, चक्रात पोटाशी बिलगतो, ट्रकखाली काकपद होऊन बसतो आणि सुऱ्यांमध्ये आडवा पडतो. एवढी सोंगं नाटकातला नटही घेत नाही. त्यात ‘खाना’ लिहिताना ख जरा सैल पडला, की वाचणारा ‘रवाना’! आता सेमी-इंग्रजीमुळे आणखी एक भानगड झाली आहे. मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, इंग्रजी खालच्या रेघेवर बसतात. एकाच सकाळी पोरानं दोन्ही करायचं, आणि तेही वहीच्या रेघा बदलून.

ज्या हातानं हे करायचं, तो हात अजून पुरता झालेला नसतो, हे आपण विसरतो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि त्यांची हाडं व्हायला शाळेची बरीचशी वर्षं जातात. म्हणूनच वाढीचा अंदाज घ्यायला डॉक्टर मुलाच्या हाताचा एक्स-रे काढतात. मनगट असं अर्धवट आणि आपल्याला हवं मोत्यासारखं अक्षर. त्यापायी सुट्टीत क्लास लावले जातात. मला विचाराल तर मेथीची जुडी निवडायला द्यावी, मटारच्या शेंगा सोलायला द्याव्यात. बोटांना बळ येतं आणि संध्याकाळची भाजीही होते.

सुंदर अक्षराची ही हौस आजची नाही. समर्थांनी दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, अक्षर कसं काढावं हे बजावलं आहे. गोल, सरळ, मोकळं, काळ्याभोर शाईचं असावं. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हा सल्ला तर चष्मेवाल्यांनी दुकानात लावावा असा आहे. पण त्या काळी पोथ्या हातानं नकलून घ्याव्या लागत. अक्षर वाईट, तर ग्रंथच बुडाला. आज तसं काही बुडत नाही.

गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला लावणारं ‘असर’ सर्वेक्षण होतं. त्यात अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्या. पोराचं अक्षर कसं आहे, हे कुणी विचारत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘निपुण भारत’ मोहीमही तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं, यावर भर देते. आपण पालकसभेत मात्र आधी वही उघडतो.

वाचायला खरं तर पोर रस्त्यावर शिकतं. आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी एस.टी.च्या खिडकीशी बसली, की स्वारगेटपासून पाट्यांचं जाहीर वाचन सुरू होतं. वि-ना-थां-बा. अ-मृ-त-तु-ल्य. ‘आज रोख उद्या उधार’ वाचून तिनं उद्या परत यायचं ठरवलं. ‘येथे थुंकू नये’ वाचून मग कुठे थुंकायचं, असं अख्ख्या गाडीला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं. सार्वजनिक स्वच्छतागृहाजवळची सूचना तिनं जोडाक्षरासकट अचूक वाचली, आणि तिच्या आईनं घाईनं खिडकी लावली. खिडकी लावायला नको होती. इतक्या गोडीनं तिनं पाठ्यपुस्तकाचं एक पानही वाचलेलं नाही.

तिच्या वहीत मात्र तांबड्या शाईचा शेरा आहे, ‘अक्षर सुधारा’. तो तिला वाचता आला नाही. तिच्या आईला आणि मला मिळून कसाबसा लागला. तेव्हा गावोगावच्या गुरुजनांना हात जोडून एकच विनंती: निदान हा शेरा तरी पहिलीतल्या पोराला वाचता येईल अशा अक्षरात लिहावा.