हँडल कशाचं आहे?

चेन्नईच्या मैलापुरात बाईची ऐपत कानावरून ठरते. मग नाक, मग साडीचा काठ, मग साडीची उलटी बाजू. एवढं सगळं बघून झाल्यावर वेळ उरलाच तर चेहरा. हातात काय आहे हे फक्त भाजीवाली बघते, तेही सुटे आहेत की नाहीत एवढ्यापुरतं.

माझ्या दुबईच्या नणंदेला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. वहिनी चेन्नईसारख्या मोठ्या शहरात राहते, तिच्या हातात काहीतरी बरं दिसावं, अशा सद्हेतूने तिने लुई वित्तोंची बॅग पाठवली. बॅग ठेवायला मऊ कापडी पिशवी, ती पिशवी ठेवायला खोकं आणि ते खोकं न्यायला कागदी पिशवी असा लवाजमा बरोबर आला. पुण्याच्या सासूबाई इथे असत्या तर या सगळ्यांतली कागदी पिशवी त्यांनी आधी ताब्यात घेतली असती. नवऱ्याने बॅगेची किंमत शोधून काढली आणि त्यानंतर संध्याकाळभर तो तिला अहोजाहो करत होता.

बॅगेला पहिलं दर्शन घडवायचं ते कोलूत, असं मी ठरवलं. कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्या रचून मांडलेल्या बाहुल्या. त्याआधी नॉर्थ माडा स्ट्रीटच्या कडेने त्या बाहुल्यांचा बाजार भरतो, आणि मग गल्लीतल्या सगळ्या बायका एकमेकींच्या बाहुल्या बघायला जातात. म्हणजे नाव बाहुल्यांचं. आपल्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला आरास बघायला जातात, तसंच.

शेजारच्या मामी पंचाहत्तरीच्या पुढच्या. दोन्ही कानांत सात-सात हिऱ्यांची फुलं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या. हे हिरे ब्लू जागर जातीचे आहेत, हे त्यांनी मला पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी सांगितलं होतं. जागर हे दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीचं मैलापुरी लाडकं नाव. ती खाण 1971 साली बंद पडली. त्या खाणीतून आता हिरा निघत नाही, आणि मामींच्या कानांतूनही तो निघत नाही, रात्रीसुद्धा.

मी दारात पाय ठेवला आणि मामींची नजर प्रथमच माझ्या मनगटाखाली गेली.

“वाम्मा, वा. हे काय, कातडं?”

हा प्रश्न मला अपेक्षित होता. मी म्हटलं, मामी, हे कातडं नाही, कॅनव्हास आहे. कापडावर लेप दिलेला असतो. लुई वित्तोंनी 1854 मध्ये पॅरिसला पेट्यांचं दुकान काढलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, जॉर्जने, 1896 मध्ये ही फुलांची आणि अक्षरांची नक्षी काढली, का, तर लोकांनी नक्कल करू नये म्हणून. (नक्कल थांबवायला काढलेली ही नक्षी आज कुठल्याही शहराच्या कुठल्याही फुटपाथवर शंभराच्या ढिगात मिळते, हे मी सांगितलं नाही.) मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढे वाकल्या, चष्मा वर केला.

“आणि हँडल कशाचं आहे?”

हँडल कातड्याचं होतं. ते असतंच. फ्रान्समध्ये त्याचं भारी कौतुक: वापरता वापरता त्याला मधासारखा रंग चढतो म्हणे. पण कोलूच्या खोलीत देव बसलेले. त्यामुळे माझी बॅग उंबऱ्याबाहेर, चपलांच्या रांगेत, एका रबरी स्लिपरला टेकून बसली. आत मी सुंडल, म्हणजे कोलूची उसळ, खाताना माझं अर्धं लक्ष दारात. मामींनी धीर दिला: “कोणी नेणार नाही. इथल्या चोरांना हिरे कळतात.”

गंमत अशी की हे शहर चामड्यावर जगतं. मैलापूरहून रिक्षाने थोडक्यात पोचता येईल अशा अड्यारमध्ये 1948 पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट इथली कातडी आणि बूट जगभर जातात. खाली पाँडिचेरीला 1978 मध्ये दिलीप कपूरांनी हायडिझाइन सुरू केली, तिच्यात पुढे लुई वित्तोंच्याच घराण्याने पैसे घातले. म्हणजे चामडं इथून समुद्र ओलांडून फ्रान्सपर्यंत जातं, मामींचा उंबरा मात्र त्याला ओलांडता येत नाही.

त्या दिवशी बॅगेपेक्षा माझ्या साडीची तपासणी जास्त झाली. मामींनी पदर हातात घेतला आणि थेट उलटा केला. कांजीवरमचा अस्सलपणा पाठीमागून कळतो. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचा, आणि दोन्ही विणतानाच एकमेकांत अडकवलेले, याला कोर्वै म्हणतात. त्याला तीन धोटे लागतात आणि जुन्या पद्धतीने विणायची तर मागावर दुसरा माणूसही लागतो. मग मामींनी जर नखाने हलकेच खरवडली. खऱ्या जरीत चांदीच्या तारेखाली लाल रेशीम असतं, ते दिसलं तर पास. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लग्नातल्या शालूला ओरखडा काढून झाल्यावर मामी म्हणाल्या, “लाल आहे. बस.” त्यानंतरच मला कॉफी मिळाली.

मैलापूर तसं आपल्याला परकं नाही. इथेच 1891 मध्ये तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव वारले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशी तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला माणूस. आपल्याकडे सोसायटीची एक सेक्रेटरीगिरी केली तरी रक्तदाब वाढतो. पण माझ्या लेखी त्यांची खरी कामगिरी वेगळी. राजा रविवर्म्याला चित्रांचे रंगीत छापे काढून घे, असं सुचवणारे तेच. पुढे 1894 मध्ये मुंबईला रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि घराघरातल्या भिंतीवर जरीकाठी साडीतली लक्ष्मी आली. देवीने साडी कशी नेसायची, दागिने कुठे किती घालायचे, हे त्या छाप्यांनी कायमचं ठरवून टाकलं. मामींच्या देवघरात तीच लक्ष्मी आहे. मी नीट पाहिलं: चार हात असून एकाही हातात पर्स नाही.

रविवर्म्याची ही सत्ता अजून चालू आहे. 2008 मध्ये चेन्नई सिल्क्सने त्याची अकरा चित्रं विणलेली रेशमी साडी विकली, किंमत 39 लाख 31 हजार 627 रुपये. जगातली सर्वांत महाग साडी म्हणून तिची गिनीजमध्ये नोंद झाली. वजन आठ किलोच्या आसपास. मला त्यातला शेवटचा सत्तावीसचा आकडा फार आवडतो. सत्तावीस रुपये सोडा म्हणून कोणीतरी घासाघीस केली असणार आणि दुकानदाराने ठाम नकार दिला असणार. मामींना ही साडी माहीत होती. त्यांना एकच शंका: “वाळत कुठे घालायची?”

पॅरिसला फॅशन वीक असतो. इथे अख्खा महिना असतो, मार्गळी, म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. बाहेरच्यांना वाटतं की हा संगीताचा महिना आहे. आहेही. 1928 साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीपासून ईस्ट माडा स्ट्रीटवरच्या भारतीय विद्याभवनापर्यंत सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. पण गाणं ऐकायला कान पुरतात, डोळे रिकामेच असतात. पहिल्या आलापाला गायिकेचा राग ओळखायचा आणि त्याच्या आधी तिची साडी. काठावर रुद्राक्ष की देवळाची शिखरं, मोर की सिंहासारखा यळी? एम. एस. सुब्बुलक्ष्मींसाठी कांचीपुरमच्या मुत्तु चेट्टियारांनी काढलेला निळा रंग अजून एम. एस. ब्लू म्हणूनच मागितला जातो. शांताबाई शेळक्यांचा पिवळा किंवा पुलंचा करडा असा रंग मागून पाहा पुण्यात, दुकानदार दुपारची झोप मोडली म्हणून हाकलून देईल.

साड्यांची पाहणी करायची खरी वेळ म्हणजे तनि आवर्तनम. मृदंग आणि घटम यांची जुगलबंदी ऐन रंगात येते आणि तेव्हाच अर्धं सभागृह इडलीसाठी उठतं. बिचारा मृदंगवाला जीव तोडून वाजवत असतो आणि त्याच्यासमोरून एकामागून एक कांजीवरम उपाहारगृहाकडे चालल्या असतात. पॅरिसच्या मॉडेलसुद्धा तालावर चालतात, पण त्यांना इतका चांगला ताल मिळत नाही. थंडी म्हणून पुरुषमंडळी माकडटोप्या घालून येतात. बाहेर बावीस अंश असतात.

डोक्यात फूल मात्र हवंच. मोगऱ्याचा गजरा इथे मुळमने विकतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि हात विकणारीचा. देवळाच्या तळ्याशी बसणाऱ्यांत एक उंचनिंच बाई आहे, तिच्यासमोर नेहमी रांग.

या गर्दीत मामींच्या हातात असते वायर कूडै. प्लॅस्टिकच्या रंगीत वायरींची, घरी बसून विणलेली चौकोनी टोपली. निळ्या-पांढऱ्या चौकटींची, दोन कान असलेली. तिच्यात पाण्याची बाटली, शाल, कार्यक्रमपत्रिका, डब्यात दहीभात, आणि उरलेल्या जागेत येताना घेतलेला शेवगा उभा. मला ही टोपली बघितली की जेन बर्किन आठवते. इंग्लंडची ही नटी साधी वेताची टोपली घेऊन जगभर हिंडायची. 1980च्या दशकात पॅरिस-लंडन विमानात तिच्या सामानातलं सगळं खाली सांडलं. शेजारच्या खुर्चीवर हर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्यूमा. त्यांनी म्हणे उलटीच्या कागदी पिशवीवर नवी बॅग काढून दाखवली, आणि 1984 मध्ये बर्किन बॅग जन्माला आली. तिच्यासाठी बनवलेली ती पहिली बॅग जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना गेली. आपल्या पैशात 85 कोटींच्या पुढे. बॅग ओरखड्यांनी भरलेली, झाकणावर जे. बी. ही अक्षरं.

ही कथा मी मामींना सांगितली तेव्हा त्यांनी आपली कूडै मांडीवर घेतली, तिचा तळ दाबून पाहिला आणि विचारलं, “तिची टोपली कोणी विणली होती?” त्यांच्या मते सगळा दोष तळाच्या विणीत होता. तळ घट्ट असता तर काही सांडलं नसतं, आणि 85 कोटी वाचले असते.

कूडैत घडी घालून एक पिवळी पिशवीही असते, मंजप्पै. लग्नाहून निघताना पाहुण्यांच्या हातात नारळ, विड्याची पानं आणि सुपारी घालून देतात ती. हळदीचा शुभ रंग, आणि त्यावर लाल शाईत वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, तारीख आणि कल्याणमंडपाचा पत्ता. वित्तों घराण्याने दोन अक्षरांत भागवलं. इथे अख्खी वंशावळ असते. मध्यंतरी या पिशवीचे दिवस फिरले होते. पिवळी पिशवी घेऊन एस्टीतून उतरला म्हणजे गावंढळ, असं सिनेमात ठरून गेलं होतं. 2014 मध्ये तर खेड्यातून चेन्नईत आलेल्या आजोबांच्या एका चित्रपटाचं नावच मंजप्पै. मग तमिळनाडूने 1 जानेवारी 2019 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी घातली आणि डिसेंबर 2021 मध्ये मुख्यमंत्र्यांनी ‘मीण्डुम मंजप्पै’, पुन्हा पिवळी पिशवी, अशी मोहीमच सुरू केली. कोयंबेडूच्या बाजारात तर दहा रुपयांत पिशवी देणारं यंत्र बसलं. मामींचं म्हणणं, पिशवीसाठी पैसे द्यायचे म्हणजे त्या माणसाला कोणी लग्नाला बोलावत नसणार.

गेल्या मार्गळीत मामींची नात न्यू जर्सीहून आली. तिच्या खांद्यालाही एक भारी बॅग होती. ती तिने मुकाट्याने उंबऱ्याबाहेर ठेवली, म्हणजे मुलीवर संस्कार झालेले. पण आत आल्या आल्या तिने आजीकडे मंजप्पै मागितल्या. मैत्रिणींना द्यायच्यात, नावं नीट दिसणाऱ्या हव्यात.

मामींनी गादी वर केली. खाली इस्त्री केल्यासारख्या सपाट पिशव्यांचे थर. मामी एकेक काढून वाचू लागल्या.

“ही नको, यांचं पटत नाही. ही घे, यांना जुळं झालं. ही? यांनी पायसम पातळ केलं होतं, पण पिशवी चांगली आहे. ही राहू दे, मुलगा अजून हैदराबादलाच आहे.”

जे. बी. अक्षरांची चौकशी लिलाववाल्यांनी यापेक्षा जास्त बारकाईने केली असेल असं मला वाटत नाही.

नातीने मग फोन काढला आणि नॉर्डस्ट्रॉम या अमेरिकी दुकानातली एक बॅग दाखवली. आपल्याकडे फरसाणवाला देतो तशी साधी कापडी पिशवी, वर देवनागरीत रमेश स्पेशल नमकीन. पुएब्को नावाच्या जपानी कंपनीची. 2025 मध्ये तिच्यावरून बराच गाजावाजा झाला होता.

“आजी, ही कितीला आहे सांग.”

मामींनी चष्मा वर केला. कापड पाहिलं, शिवण पाहिली, हँडलही पाहिलं. ते कापडाचंच होतं.

“किती?”

“अठ्ठेचाळीस डॉलर. चार हजार रुपये.”

मामी जरा वेळ हिशेब करत राहिल्या. मग हातातली जुळ्यांची पिशवी त्यांनी हळूच परत गादीखाली सरकवली.

“नारळासकट?”