फाटक्या आवाजाचा मानपान

शिरवळच्या वरातीत भोंगा फाटला की लोक अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला शिव्या घालतात. जुन्या घाटणीच्या फझ पेडलमधून गिटार तशीच फाटली की तो ‘व्हिंटेज टोन’ होतो आणि त्याचे वर पैसे मोजायचे असतात. ध्वनिलहरींची शेंडी-बुडखा छाटणं, एवढंच दोन्हीकडे घडतं. अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१ च्या गाण्यात बिघडलेल्या यंत्रामुळे वादक ग्रेडी मार्टिनची बास गिटार गुरगुरली. पुढच्याच वर्षी ‘माएस्ट्रो’ या ब्रँडनं ती गुरगुर डबीत भरून बाजारात आणली.

१९६६ च्या ‘फझ फेस’ पेडलमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर तर दिवाळसणाला आलेले जावईच. गिटारनंतर पहिल्या पानाचा मान त्यांचा. मध्ये बफर, म्हणजे सिग्नल सावरणारं सर्किट, बसलेलं खपत नाही. बॅटरी म्हणे साधी, कार्बन-झिंकचीच हवी. उष्म्यानं त्यांची विद्युतगळती वाढते, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात रुसवा ठरलेला. एवढं करून जाणकारांचा सल्ला काय? गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवा, आवाज स्वच्छ होतो! म्हणजे फाडायला पैसे, शिवायला बटण.

तिकडे मिरजेचे कारागीर घोडी तासून, तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून पिढ्यान्‌पिढ्या जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, काढताहेत. झणझण हवी तेवढी, बॅटरी शून्य. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आमच्या गिटारवाल्याला त्याचं काय? मिरजेचा माल परदेशातून मागवता येत नाही, हा त्याचा मोठाच दोष.